शिंपल्यातला रंग

रविवार, संध्याकाळी साडेसात

वरच्या मजल्यावरच्या पेडणेकर काकूंनी परवा दिवंगत काकांची जुनी विलायती रंगपेटी आणून दिली. काका गिरणीच्या डिझाइन खात्यात साड्यांचे काठ रेखायचे. "तुला कळतं रे त्यातलं, काय ठेवायचं ते सांग," म्हणाल्या. आज एकेक वडी ओलवून पाहिली, नावं लिहिली. चोवीस वड्या, एकही चूक नाही. फक्त कोपऱ्यात एक शिंपलं होतं, आत काळपट काहीतरी वाळलेलं, त्यावर ब्रश टेकल्याची नखाएवढी खूण.

सुनंदा हसली, "काकांनी डब्यातली शिनाणी खाऊन शिंपलं टाकलं असेल आत." मालवणी माणसं आम्ही, शिंपल्यातली मासळी रोजचीच, मलाही पटलं! वाटीत पाणी घेऊन शिंपलं घासलं.

"अहो, वाटीत चमकतंय काय?" तिनेच विचारलं.

सोनं. खरं सोनं, डिंकात खललेलं, वर मळ बसून काळं दिसलेलं. युरोपात ते शिंपल्यात भरून विकायचे, हे मी स्वतः वाचलंय. दोनदा. मग हातात आल्यावर कसं कळलं नाही?

थोडं शिंपल्यातच राहिलंय, बाकीचं वाटीच्या तळाशी बसतंय. पाणी निथळून, डिंक घालून पुन्हा भरता येईल बहुतेक. ती ब्रशची खूण मात्र गेली. पण गिरणीच्या कागदावर साडीची जर साध्या पिवळ्या रंगाने दाखवतात. मग काकांनी सोन्याने नेमकं काय रंगवलं? एकदाच ब्रश टेकवून?

काकूंनाच विचारायला हवं. म्हणजे शिंपलं मी घासलं, हे आधी सांगायला हवं. सुनंदा म्हणते, उद्या सांगा. नको. वाटी घेऊन आत्ताच वर जातो.