दादाच्या कानातला नाद

११ जानेवारी १९७१, नगर
दादाला गेल्या आठवड्यात आपल्या अकोले गावाहून आणलं. क्षयच निघाला. रोज सकाळी दवाखान्यात स्ट्रेप्टोमायसिनची सुई, घरी गोळ्या. डॉ. दोघांदेखत म्हणाले, "हे औषध कानाला बाधू शकतं. कानात शिट्टीसारखा आवाज आला, तोल गेला, तर लगेच सांगायचं. लवकर कळलं तर कान वाचतात." दादा म्हणाला, "सांगीन की."

२८ जाने.
ताप नाही. भूक परतली. सौ. म्हणाली, "भावजी, अजून एक भाकरी वाढू?"
"वाढ. तुझा नवरा लहानपनी माझ्या ताटातली पळवायचा. वसूल करतो."
जेवल्यावर हळू आवाजात अभंग म्हणत बसला. गावच्या सप्ताहात मी त्याच्या पाठीला टेकून झोपायचो. वीणा त्याच्या खांद्यावर, आणि तिची थरथर पाठीतून माझ्या गालापर्यंत. तशी झोप पुन्हा नाही लागली कधी.

९ फेब्रु.
कोपऱ्यावरच्या देवळात भजनाला नेलं. परतताना दादा: "इथल्या टाळांना धार न्हाई. पत्रा बडवल्यागत." मला तर खणखणीत वाटले. आपल्या गावच्या टाळांची सर कशाला येणार, म्हणून सोडून दिलं.

११ फेब्रु.
आज दादा लाजत म्हणाला, "कुनाला सांगू नको. मला आतला नाद ऐकू यायला लागलाय. बारीक, लई गोड." त्याचे गुरू सांगायचे तो अनाहत नाद, काही न वाजवता आतच उमटणारा. इतक्या वर्षांच्या भजनाचं फळ, असं म्हणताना त्याचा चेहरा...
"कधीपासून?"
"सुया चालू झाल्यावर थोड्या दिसांनी."
"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"
"ते शिट्टीचं म्हनत हुते. ही शिट्टी न्हाई."

१२ फेब्रु.
झोप नाही. खरंच तो नाद असेल तर? बी. ए. झालो म्हणून दादाच्या आत काय वाजतं ते मी ठरवायचं? पण ते टाळ?
सकाळी त्याच्या मागे उभा राहून किल्ल्यांचा जुडगा हलवला. वळला नाही. नुसतं "दादा" म्हटलं, लगेच वळला. मग स्पष्ट सांगितलं, आज डॉक्टरांच्या कानावर घालणार.
"तुला ऐकू येत न्हाई म्हनून माझं बंद करतोस व्हय?" हसत म्हणाला, पण चहा तसाच ठेवून माझ्या पुढे चालू लागला.
डॉ.नी पोलादी नादकाटा वाजवून कानाशी धरला, मागून कुजबुजून पाहिलं. बारीक आवाज कमी झालेत, बोलणं अजून नीट कळतं. सुई बंद, गोळ्या बदलून चालू, त्या पुष्कळ महिने. क्षय उलटला तर, मी विचारलं. "लक्ष ठेवू," म्हणाले. "कानाचं गेलेलं बहुधा परत येत नाही. उरलेलं राखायचं."


७ मार्च, अकोले
दादाला घरी पोचवलं. खोकला नाही. संध्याकाळी देवळात त्याने वीणा स्वतः लावली. मी कान लावून ऐकत होतो. तार बरोबर लागली, निदान मला तरी तसं वाटलं. टाळांकडे मात्र त्याने दोनदा वळून पाहिलं.
परतताना भाताच्या बांधावर त्याचा तोल जरा गेला, म्हणून हात धरला. धीर करून नादाचं विचारलं.
"बारीक झालाय. एकांद्या रात्री येतच न्हाई." थोडं चालून म्हणाला, "तुला बरं वाटलं आसंल."
हो म्हणालो. खोटं कशाला बोलू.
"मला बरं वाटतंय का, ते अजून कळंना."