लंबूकाकांविरुद्धची तक्रार

प्रिय भिंगरी,

बूट सापडले. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू जरा स्वस्थ चित्ताने वाचशील. परवा दुपारी ते माझ्या हातात आले, काल मी ते नव्याने बांधले, आणि या खेपेला पत्ता कागदावर लिहून चिकटवलाच नाही. चामड्याच्या पट्टीवर जाड शाईने लिहिला आणि ती पट्टी कापडी वेष्टनावर चारी बाजूंनी शिवून टाकली. आता तो पत्ता वेगळा करायचा तर टपाल खात्याला आरी घेऊन बसावं लागेल.

तीन आठवडे म्हणजे काही गंमत आहे का गं? पहिले आठ दिवस खोकं नुसतं ‘मार्गस्थ’ होतं. मग ते ‘वितरणासाठी बाहेर’ पडलं, म्हणून तू औषधांच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी बसलीस, तर फोनवर निरोप आला की ग्राहक घरी नाही. ग्राहक दारात खुर्ची टाकून बसलेला! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एकदम ‘पोचते केले’, आणि पुरावा म्हणून कुणाच्या तरी दाराचा फोटो. तुझं दार निळं, फोटोतलं तपकिरी, आणि पुढ्यात सायकल. तो फोटो हातात धरून तू झिजलेल्या बुटांनी चार गल्ल्या हिंडलीस आणि एका बाईने तू सायकल विकत घ्यायला आलीस असं समजून तुला आत बसवून पाणी दिलं, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसले खरी. पण फोन ठेवल्यावर तुझी ती चाल डोळ्यांसमोर आली. डाव्या बुटाची टाच झिजली की तू कंबरेतून कशी लचकतेस ते मला ठाऊक आहे. त्यात आठ-आठ तास काउंटरमागे उभं राहायचं. इकडे मी मदत क्रमांकावर रोज तीच ती धून ऐकत होते. इतकी ऐकली की आता भांडी घासतानाही तीच गुणगुणते.

हे बूट मी यंदा फार जीव लावून केले होते. तुझ्या पायाचा लाकडी साचा अजून बाबांच्याच फळीवर आहे, शेवटून दुसरा. तू वाढत गेलीस तसे त्यावर बाबांनी चामड्याचे तुकडे चिकटवलेले आहेत, एकावर एक. बोट लावून बघितलं की कळतं, ही आठवी, ही दहावी, हा तुझा तो उंच टाचांचा हट्ट. आठवतो ना? डावा पाय सव्वा इंच आखूड, आणि बाईसाहेबांना मैत्रिणींसारखे उंच टाचांचे बूट हवे. बाबा दोन दिवस घुश्शात होते. तिसऱ्या दिवशी करून दिले. तू ते घालून कारखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गिरक्या घेतल्यास आणि कापायच्या टेबलावर जाऊन आदळलीस. बाबा ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, भिंगरीला थांबायचं कसं ते कुणी शिकवलेलं दिसत नाही. ते तुला कधी रागावूच शकले नाहीत, आणि ते मला कधीकधी सहन व्हायचं नाही, हेही आता लिहून टाकते.

तर परवा मी दुकानाला कुलूप लावलं आणि थेट मोठ्या टपाल कचेरीत गेले. पार्सलच्या खिडकीशी एक बाई होती, माझ्याच वयाची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी तिला बोलूच दिलं नाही. तारखा, फोटो, सायकल, तुझी कंबर, सगळं एका दमात ऐकवलं. मागे रांगेतले लोक मान डोलवत होते, त्यामुळे मला अजूनच चेव आला. मग मी तुझंच वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. मागे फोनवर तू म्हणाली होतीस ना, ही तीच माणसं, ताई, ज्यांनी माझं बाबांना लिहिलेलं पत्र गिळलं. मी ते जसंच्या तसं म्हटलं. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या खात्याने माझ्या बहिणीचं पत्र हरवलं म्हणून तिची आणि वडिलांची शेवटची भेट झाली नाही, असं चांगलं मोठ्या आवाजात म्हटलं.

ती बाई उठून आत गेली. पंधरा-वीस मिनिटांनी आली ती तुझे बूट घेऊनच. खोकं इथून हललंच नव्हतं, भिंगरी. तुझ्या पत्त्याचं लेबल सुटून शेजारच्या पडद्यांच्या खोक्यावर चिकटलं होतं. त्या खोक्यावर आता दोन लेबलं. गाडीवाल्याने यंत्राला वरचं, तुझं दाखवलं आणि स्वतः खालचं वाचून पडदेवाल्यांच्या दारी गेला. तुझे बूट मात्र बिनपत्त्याचे म्हणून मांडणीवर पडून राहिले. हे तिने मला नीट समजावून सांगितलं, चूक आमची आहे म्हणाली. आणि मग चष्मा काढून ती खिडकीच्या पलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, “बुटांचं झालं. पण त्या पत्राबद्दल मी खात्याच्या वतीने माफी मागते. त्याची भरपाई आम्हाला करता येणार नाही.”

मी बूट छातीशी धरले आणि काहीतरी पुटपुटले. तिने आपलेपणाने विचारलं, कुठली गल्ली, कुठलं साल. मी सांगितलं. तिचा चेहरा बदलला. म्हणाली, म्हणजे लंबूकाकांची गल्ली. ती तक्रार तुमच्या बहिणीची होती का?

लंबूकाका तुला आठवत असतील. सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे, म्हणून तूच त्यांना ते नाव दिलंस आणि पुढे सगळ्या कचेरीने उचललं. तू रागाच्या भरात लेखी तक्रार केलीस एवढंच आपल्याला माहीत होतं. पुढे काय झालं ते या बाईने सांगितलं. चौकशी झाली, त्यांनी एवढंच लिहून दिलं की मला काही सांगायचं नाही. त्यांची वाटपाची गल्ली काढून घेतली आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं त्यांना तळघरात पत्रांच्या वर्गवारीला बसवलं. एकतीस वर्षं दारोदार हिंडलेला माणूस. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही, म्हणाली ती.

मी बूट दुकानात ठेवले आणि तिने दिलेल्या पत्त्यावर गेले. दुसरा मजला, अरुंद जिना, गॅलरीत वाळत घातलेले शर्ट. त्यांनीच दार उघडलं. थोडे वाकलेत, पण चौकटीला डोकं लागेल म्हणून मान तिरकी करायची सवय तशीच आहे. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. बसा म्हणाले, चहा टाकला, बाबांच्या हातच्या बुटांची आठवण काढली. मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, काका, मी त्या पत्राबद्दल आले आहे.

ते म्हणाले, “ते मी तुमच्या हातात दिलं होतं. तुमचे हात सोल्यूशनने चिकट होते, म्हणून तुम्ही ते दोन बोटांत धरलंत.”

त्यांना बोटंसुद्धा आठवत होती गं. मी विचारलं, मग चौकशीत तुम्ही हे सांगितलं का नाही. ते कपातला चहा बशीत ओतत राहिले. मग म्हणाले, “तुमच्याकडे नुकतंच मयत झालं होतं. अशा घरातल्या मुलीला खोटं पाडायला मी कसा जाणार? म्हटलं, गडबडीत विसरल्या असतील.” मी म्हटलं, मी विसरले नव्हते. ते म्हणाले, हो, तेही नंतर लक्षात आलं. मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले तर त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं आणि गार झालेला चहा बदलून आणला. तळघराबद्दल एक शब्द काढला नाही. एकच गोष्ट मनाला लागून राहिली म्हणाले. तू कचेरीत येऊन त्यांना सगळ्यांदेखत विचारलं होतंस, काका, तुम्ही कंटाळा आला म्हणून माझं पत्र फेकून दिलंत का? ज्या मुलीला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं तिने हे विचारावं, याचं त्यांना वाईट वाटलं. तिला जमलं तर सांगा, म्हणाले. माझ्यासाठी नाही म्हणाले, तिच्यासाठीच.

आता सांगते, भिंगरी. पत्र मंगळवारी आलं होतं. बाबांना दवाखान्यात दहा दिवस झाले होते. मी सकाळी त्यांचं अंग पुसायची, दुपारी दुकान बघायची, संध्याकाळी पेज घेऊन पुन्हा तिकडे. आणि ते डोळे उघडून माझ्याकडे बघायचे नाहीत, माझ्या मागे दाराकडे बघायचे. त्यांच्याशी भांडून घर सोडून गेलीस तू, आणि वाट बघितली जायची तुझी. तुझं अक्षर बघितलं आणि माझ्या मनात आलं, ही तिकडून चार ओळी लिहिणार आणि यांचा चेहरा फुलणार. मी पत्र एप्रनच्या खिशात टाकलं. म्हटलं, दोन दिवस थांबू दे दोघांनाही. डॉक्टर म्हणत होते की रविवारपर्यंत घरी सोडू. म्हटलं, घरी आणल्यावर देऊ. गुरुवारी तू फोन करून विचारलंस, पत्र पोचलं का? बाबांनी बोलावलं तर लगेच निघते. मी म्हटलं, अजून नाही आलं. तू तिकडे त्यांच्या बोलावण्याची वाट बघत बसलीस, आणि रविवारी सकाळी मी पेजेचा डबा घेऊन पोचले तेव्हा नर्स पलंगाभोवतीचा पडदा ओढत होती. त्यानंतर तू आलीस आणि टपालाला शिव्या देऊ लागलीस, तेव्हा मी गप्प बसले. पहिल्या दिवशी गप्प बसणं फार सोपं गेलं. पुढे प्रत्येक वर्षी ते अवघड होत गेलं, आणि तरी मी गप्प राहिले. दर वर्षी तुझे बूट मात्र आदल्या वर्षीपेक्षा चांगले करत गेले.

हे फोनवर सांगितलं असतं, पण या पाकिटात तुझं ते पत्र आहे, आणि ते फोनवरून पाठवता येत नाही. मी ते उघडलेलं नाही. तुझ्या तक्रारीच्या जागी आता माझा लेखी कबुलीजबाब जाईल. काल मी पुन्हा गेले तेव्हा त्या खिडकीवरच्या बाईने कुणाच्या नावे लिहायचा ते सांगितलं आहे, आणि लंबूकाकांचं नाव कागदोपत्री स्वच्छ होईपर्यंत मी त्या कचेरीत खेटे घालणार आहे. तू त्यांना दोन शब्द लिहिलेस तर त्यांना बरं वाटेल. मला लिहिलंच पाहिजेस असं नाही. पण ज्यासाठी मी आज बसले ते हे आहे: बाबा तुझ्यावर रागावून गेले असं तू नऊ वर्षं धरून चालली आहेस. तसं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी माझा हात धरून विचारलं, “भिंगरीचं काही आलं का?” मी नाही म्हटलं. त्यावर ते हसले आणि म्हणाले, “मग ती स्वतःच निघाली असेल.” त्याच समजुतीत त्यांना झोप लागली.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ताई