तो तवा, ती कढई

४ ऑगस्ट
नवी शिष्या मिळाली! वरच्या मजल्यावरची मिनती. ओडिशाची मुलगी, शेवगावच्या बजरंगची बायको. तो सुप्याला कंपनीत, ही दिवसभर एकटी. दारात उभी राहून म्हणाली, "बाई, मी आलो." मराठी नवऱ्याकडूनच शिकली ना — बोलते हुबेहूब त्याच्यासारखी! पाचवा महिना आहे. बाळ यायच्या आत नीट बोलायचंय म्हणे. निवृत्त झाल्यापासून कुणाच्या चुका काढायला मिळाल्या नव्हत्या. आज जेवण छान गेलं.

११ ऑगस्ट
पुस्तक ठेवून दिलं. वर्ग थेट ओट्याशी. तो तवा, ती कढई, ते पातेलं. "तवा पुरुष का?" कपाळ माझं! म्हटलं, आहे ते असंच आहे, पाठ कर. नोकरीभर हेच उत्तर देत आले.

२५ ऑगस्ट
"मी पोळी केली." बरोब्बर! पोळीही बरी होती.

९ सप्टेंबर
तिच्या सासूबाई आल्यात शेवगावहून — रंगुबाई. वर्गात येऊन बसतात आणि मध्येच तोंड घालतात. आज मी 'आहे' शिकवत होते. "आसं कोन बोलतंय, बाई? आमी तर 'हाय' म्हनतो." असा राग आला! पण मिनती खळखळून हसली, मग मीही हसले.

१८ सप्टेंबर
भविष्यकाळ घेतला. मी जाईन, मी येईन. मिनतीनं वही मिटली. खोदून विचारलं तेव्हा बोलली. शेजारच्या बायका रोज विचारतात, माहेरी कधी जाणार? पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. हिची आई लहानपणीच गेली. भावाकडे एकच खोली, तीही तिकडे लांब ओडिशात. "बाई, मी कुठं जाईन?" वाक्य शुद्ध होतं. शाबासकी देववेना.

२९ सप्टेंबर
सातवा लागला. आता बाळंतपणाला सासरी शेवगावला नेतील. नेऊ देत, माझं काय जातंय! — तरी सकाळपासून चिडचिड चालू आहे. दूधवाल्यावर उगीच ओरडले.

५ ऑक्टोबर
बेल वाजली. दारात रंगुबाई, मागे मिनती, तिच्यामागे बॅग घेतलेला बजरंग. "पैलं बाळतपन माहेरीच आसतंय, बाई. म्हनून हितं आनली." एक जिना उतरून माहेर! मी लग्नच केलं नाही — आणि आज लेक बाळंतपणाला आली.