दोन मिलिमीटर

प्रिय राजा,

एका घरात राहून पत्र लिहितोय, म्हणजे म्हाताऱ्याला चळ लागला म्हणशील. पण समोर बसलो की आपलं बोलणं 'जेवलास का' आणि 'हो' यापुढे सरकत नाही. तुझी आई वारली त्यानंतर तर मी तेवढंही विचारायचं विसरतो.

चार महिन्यांपूर्वी तुझा लॅपटॉप उघडा राहिला होता. त्यातला तो, आपण कुरूप म्हणून कुठलीच मुलगी आपल्याला बघणार नाही असं मानणाऱ्या पुरुषांचा ग्रुप वाचला आणि माझं धाबं दणाणलं. तुला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून खोटं नाव घेऊन मीच आत शिरलो. हो, तुझा तिथला दोस्त मीच. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिथली भाषा घोकायचो. देखणा असेल तो 'चॅड'. सगळं जन्मतःच ठरलंय, धडपड फुकट, हे एकदा पटलं की 'ब्लॅकपिल' गिळली. कुणी रडगाणं गायलं की बाकीच्यांनी लिहायचं, 'संपलं आपलं.' मीही लिहायचो. खरं सांगतो, मला ते पटायलाही लागलं होतं. तू भिंतीपलीकडून रोज माझ्याशी मनातलं बोलायचास, आणि मी त्यातच सुखावलो.

मग तू तुझा फोटो टाकलास, चेहऱ्यात कुठे खोट आहे ते मोजून सांगा म्हणालास. तीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे बसवतोय, हात शिवशिवले. शिवाय गप्प बसलो तर संशय येईल, ही भीती. 'डावा डोळा दोन मिलिमीटर खाली,' मी लिहिलं. बाकीचे तुझ्यावर तुटून पडले. दुसऱ्या दिवसापासून तू कामावर जायचं सोडलंस. पण राजा, एक गोष्ट मी लिहिलीच नाही. दोन्ही बाजूंनी सारखा चेहरा मी आजवर एकही पाहिलेला नाही. प्रत्येकाच्या चष्म्याची एक काडी थोडी वाकवावीच लागते. तुझ्या आईची उजवी तीनदा वाकवली, तेव्हा कुठे आमची ओळख झाली. तुझा तो डोळा तिच्यावर गेलाय.

काल तू दोस्ताला लिहिलंस, 'रविवारी पाचला बसथांब्यासमोरच्या हॉटेलात भेट. घरी बोलायला कोणी नाही.' त्या खोट्या नावाने उत्तर न देता हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवतोय. मी येणार आहे. शिव्या दे, पण मला बघून उठून जाऊ नकोस. घरी बोलायला मलाही कोणी नाही.

तुझाच,
बाबा