पडदेवाला कोंडिबा

कारेगाव,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,

नमस्कार. दौंडला सगळे बरे असतील. इकडे ठीक. कंपनीत सध्या दुसरी पाळी आहे. आमच्या पूनमला चष्मा लागला, आता आईपेक्षा रागीट दिसते. फोनच करणार होतो, पण तू उचलतेस ते "काय काम हाय?" एवढंच विचारायला. म्हणून पत्र.

पुण्याच्या चंद्रविलास थिएटरवर पुस्तक निघतंय. इमारत आता पाडणार आहेत. अनुपमाबाई म्हणून एक जण ते लिहितात, गेल्या महिन्यात इथं आल्या होत्या. थिएटर १९१२चं, सागवानी रंगमंच, आधी संगीत नाटकं, आगीनंतर नुसता सिनेमा, पुढं गोदाम. त्यांना सगळं पाठ. आपले आप्पा तिथं सत्तावीस वर्षं पडदा ओढत होते, हेही. मी ऐकत बसलो. काही वाटलं नाही. आप्पा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

त्यांनी आगीचं पान वाचून दाखवलं. १९९६ साली पडदेवाला कोंडिबा दारूच्या नशेत धुपाटणं पडद्यामागं विसरला आणि रंगमंच जळाला. खरं का, म्हणाल्या. मी म्हणालो, "व्हय, तसंच म्हणत्यात."

तिथली पद्धत तुला माहीत आहे. दुसऱ्या घंटेला पडदेवाल्यानं रंगमंचावर धूप फिरवायचा आणि तिसरीच्या आत धुपाटणं मागच्या अंगणात नेऊन ठेवायचं. आप्पांनी ते एकदाही चुकवलं नाही. त्या दुपारी ते खोलीवर तापानं फणफणले होते. मॅनेजरला न सांगता त्यांच्या जागी मी उभा राहिलो. पंचवीस वर्षांचा घोडा. नटी तयार होऊन आली, तिच्याकडे बघत मी धुपाटणं तिथंच कापडाशी ठेवलं.

आग विझेपर्यंत आप्पा धापा टाकत आले. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "मीच व्हतो. माझ्याच हातनं झालं." मग मला बाजूला घेतलं. "तुझं लगीन ठरतंय. गप ऱ्हा." तापानं त्यांचा तोल जात होता, लोकांना वाटलं दारू. आप्पांनी जन्मात थेंब घेतला नाही. नोकरी गेली. मी गप्प राहिलो.

तुझ्या सासरी दारूचीच बातमी पोचली. तुझ्या अंकिताच्या बारशाला आप्पा झबलं घेऊन आले, तेव्हा तू दारातच म्हणालीस, "आप्पा, आजबी पिऊनच आलाय व्हय?" ते झबलं उंबऱ्यावर ठेवून माघारी फिरले. मी त्यांच्या मागंच होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. तुझा दोष नाही आक्का. तुला खरं ठाऊक नव्हतं, मला होतं.

पुस्तक सोमवारी छापायला जाणार आहे. काल मी बाईंना फोन करून सगळं सांगितलं, सही करून कागदही पाठवला. त्या पानावर आता माझं नाव येईल. पूनमच्या आईला सकाळी सांगितलं. ऐकून ती उठली आणि धुणं घेऊन बसली.

बाईंनी आप्पांचा एक फोटो दिलाय, सोबत ठेवतो. पडद्याची दोरी धरून उभे आहेत. घरात लाव. मला दारात उभं केलं नाहीस तरी चालेल. त्यांना आत घे.

तुझा अपराधी भाऊ,
मल्हारी