आमच्या वार्ताहराकडून

नाना, आज मी एका मुलीचं नाव पुसलं. तिच्या देखत, तिच्याच सांगण्यावरून, तिच्या संपादकाच्या परवानगीने. म्हणजे सगळं अगदी रीतसर. तरी दुपारपासून मला काही सुचत नाहीये. डबा तसाच परत आणला. नवऱ्याने विचारलं, "झालं काय?" म्हटलं, "काही नाही, डोकं दुखतंय." तो बिचारा बाम ठेवून आपल्या मीटिंगला बसला. हे सांगायचं तर तुम्हालाच, आणि तुम्ही तर केव्हाच गेलात.

माझी नोकरी तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. विद्यापीठातली मुलं स्वतःचं वर्तमानपत्र काढतात, त्यांची मी सल्लागार, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "म्हणजे तू संपादक?" नाही. "मग वार्ताहर?" तेही नाही. "मग करतेस काय?" म्हटलं, मुलं पेपर काढतात आणि मी तो तपासते. "छापायच्या आधी ना?" "नाही नाना, छापून झाल्यावर." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. "लग्न लावून झाल्यावर पत्रिका जुळवायच्या!" म्हणालात, आणि ते आईला दोनदा ओरडून सांगितलंत. हसा, पण इथली रीतच तशी आहे. पेपर विद्यार्थ्यांचा, काय छापायचं ते विद्यार्थी ठरवणार. माझा पगार विद्यापीठ देतं, म्हणून मी आधी एका ओळीलाही हात लावायचा नाही. आज मी स्वल्पविराम बदलला तर उद्या वरून कोणीतरी बातमी बदलायला सांगेल. अंक निघाला की मात्र मी तो भिंतीला चिकटवते आणि लाल पेन घेऊन उभी राहते. मुलं समोर बसून पिझ्झा खातात, मी नेलेला चिवडाही खातात, आणि मी एकेकाची हजेरी घेते. हे कोणी सांगितलं? दुसऱ्या बाजूला विचारलंस? स्वतः जाऊन पाहिलंस? त्यांना वाटतं हे सगळं मी इथे अमेरिकेत शिकले.

शाळेत गणित शिकवून तुम्ही तालुक्याची वार्ताहरकी करायचात. शाळा सुटली की स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसायचात, मांडीवर पॅड, कारण उजेड तिथेच चांगला. आई भाकऱ्या थापतेय आणि तुम्ही विचारताय, "अगं, नळावर भांडण झालं तेव्हा तू होतीस ना? आधी कोण बोललं?" आई म्हणते, "मला नका ओढू तुमच्या बातमीत." मग पाकीट घेऊन सायकलवरून स्टँड गाठायचं, जिल्ह्याला जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हातात ते द्यायचं, आणि एक-दोन दिवसांनी त्याच गाडीने छापलेला पेपर यायचा. त्यात तुमची बातमी, आणि वर छापलेलं, 'आमच्या वार्ताहराकडून'. मला असा राग यायचा! "तुमचं नाव का नाही घालत ते?" तुम्ही म्हणायचात, "बातमी खरी आहे ना? मग नाव कशाला हवं?" मग एकदा तुम्ही लिहिलंत की गावासाठी आलेला पाण्याचा टँकर सोसायटीच्या चेअरमनच्या मळ्यात रिकामा होतो. पेपर आला त्या संध्याकाळी चेअरमन आपल्याकडे येऊन बसला, चहा प्याला, इकडचं तिकडचं बोलला, आणि चपला घालताना म्हणाला, "गुरुजी, तुमच्या त्या वार्ताहराला सांगा, जपून राहा म्हणावं." तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "नाव नव्हतं तेच बरं झालं." तशी आई फणकारली, "अहो, अख्ख्या तालुक्यात वार्ताहर एक! नाव नाही घातलं म्हणून कोणाला कळायचं राहतंय होय?" पुढच्या सत्राला तुमची बदली झाली. बदलीच्या हुकुमावर तुमचं नाव मात्र पूर्ण होतं, आजोबांच्या नावासकट.

म्हणून असेल, पण मी इथे शिकायला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात विद्यार्थ्यांच्या पेपरच्या ऑफिसात जाऊन उभी राहिले. मी तेव्हा व्हिसावर, थंडीने नाक लाल, इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. पण बातमी छापून आली आणि वर माझं नाव, आडनावासकट. मी तो अंक पोस्टाने तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर आलं ते असं: 'बातमी पोचली. मुलांना मेसचे जेवण आवडत नाही असे तू लिहितेस. कोणी सांगितले? एकाचेही नाव नाही. दुसऱ्यांदा असे करू नये.' बस्स. मी दोन दिवस धुसफुसत होते. तोवर तुम्ही बदलीवरून गावी परतला होतात; आईच्या पत्रातून नंतर कळलं की तुम्ही तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टँडवर नेलात, आणि त्याच कंडक्टरला, ज्याला इंग्रजीचा गंध नाही, माझ्या नावावर बोट ठेवून दाखवलंत. गाडी सुटायची वेळ झाली, माणसं ओरडायला लागली, तरी तुम्ही त्याला सोडेनात. त्या बोटाची मला आज दिवसभर आठवण येतेय.

आज जिचं नाव पुसलं ती मुलगी नागपूरची, व्हिसावर शिकायला आलेली. पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर मला प्रोफेसर म्हणाली आणि मग कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाली, "मावशी, तुम्ही मराठी ना? चिवड्यात कढीपत्ता लागला तेव्हाच मी ओळखलं." तेव्हापासून चारचौघांत प्रोफेसर आणि एरवी मावशी. इथे नेपरव्हिलला कोणाकडे गणपतीला गेलं की लोक मला हमखास विचारतात, "काकू, जर्नलिझम करून पोरं खाणार काय?" मी तावातावाने भांडते, पण खरं सांगू? माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी एक विमा कंपनीची पत्रकं लिहितो, एक वकील झाली, आणि एकीचं गावातलं वर्तमानपत्रच बंद पडलं, ती आता शाळेत शिकवते. तरी दर वर्षी एखादं वेडं येतंच, ज्याला दुसरं काही करायचंच नसतं. ही त्यातली. असं मूल आलं की मला आनंद होतो आणि भीतीही वाटते. इथे उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या वर्तमानपत्रात उमेदवारी, म्हणजे इंटर्नशिप, मिळाली तर पुढचं दार जरा किलकिलं होतं, आणि त्यासाठी स्वतःच्या नावाने छापून आलेल्या बातम्या पाठवाव्या लागतात. मार्कांना कोणी विचारत नाही. नाव नसेल तर ती बातमी तुमची आहे हे कोण मानणार?

मेसमधल्या काही कामगारांना काढलं म्हणून या हिवाळ्यात मुलांनी कुलगुरूंच्या ऑफिसबाहेर धरणं धरलं, तेव्हा ही रोज बर्फात उभी राहून बातम्या देत होती. घोषणा दिली नाही, पाटी हातात धरली नाही. कामगारांना विचारलं, कुलगुरूंच्या माणसांना विचारलं, धरण्याचा वैताग आलेल्या मुलांनासुद्धा विचारलं. तो अंक भिंतीवर लावला तेव्हा मला लाल पेन टेकवायला जागा सापडेना. पण आता इथली हवा बदललीय, नाना. व्हिसावर शिकणाऱ्या मुलांनी कुठे काय लिहिलं ते सरकार बघतं आणि व्हिसा काढून घेतं म्हणे. त्यात खरं किती आणि वावड्या किती, मला माहीत नाही. इतकी वर्षं बातम्यांत काढून मला हेही सांगता येत नाही! मुलांच्या व्हॉट्सॲपवर रोज नवं काहीतरी फिरतं, आणि ते फिरत फिरत नागपूरला तिच्या घरी पोचलं.

आज दुपारी ती आली, बरोबर संपादक. सुट्टी लागली म्हणून न्यूजरूम रिकामी होती. "मावशी, वेबसाइटवरून माझं नाव काढायचंय. सगळ्या स्टोरीजवरून."

"सगळ्या?"

"पप्पा रडले फोनवर. मी त्यांना कधी रडताना ऐकलं नव्हतं, यार. म्हणाले, पेपर गेला चुलीत, तू फक्त डिग्री घेऊन सुखरूप घरी ये."

"आणि उन्हाळ्याचा अर्ज?"

"कॅन्सल केला. काल." हे तिने इतकं सहज म्हटलं, जसं काही दात साफ करायची अपॉइंटमेंट होती.

संपादक म्हणजे इलिनॉयमधल्या मक्याच्या शेतांतून आलेला विशीतला पोरगा. एकदा छापलेलं काढायचं नाही, हा त्यांच्या पेपरचा नियम आणि तो त्याला तोंडपाठ. त्याने मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" याचं एकच उत्तर मी वर्षानुवर्षं देत आलेय: निर्णय तुझा. आजही तेच दिलं. काठावर उभं राहून बुडणाऱ्याला 'जमेल तुला' म्हणावं, तसं ते मला माझंच ऐकू आलं. काय सांगणार होते मी? नाव ठेव म्हणावं तर उद्या तिला काही झालं तर मी कोण भरून देणारी? काढ म्हणावं तर मग ती भिंत, तो लाल पेन, सगळं कशासाठी? संपादक पोरगा खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन सोलत बसला. मग म्हणाला, "बातम्या राहतील. नाव काढू. नावाच्या जागी 'स्टाफ रिपोर्ट' घालू."

मुलं दर वर्षी पास होऊन जातात, म्हणून वेबसाइटची मुख्य किल्ली कायमच्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे असते. जिने हात लावायचा नाही, तिच्याच हातात कुलूप. इतक्या वर्षांत मी ती कधी वापरली नव्हती. पोरगी शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मी एकेक बातमी उघडत गेले. नाव खोडायचं, 'स्टाफ रिपोर्ट' टाइप करायचं, सेव्ह करायचं. मध्येच लायब्ररीतल्या नव्या खुर्च्यांची बातमी आली. "ही राहू दे ना गं. खुर्च्यांना कोण घाबरतंय?" ती म्हणाली, "नको मावशी. एकीवर राहिलं तर त्यावरून बाकीच्या शोधतील." मग खुर्च्यांवरूनही काढलं. 'स्टाफ रिपोर्ट' म्हणजे दुसरं काय हो नाना? 'आमच्या वार्ताहराकडून'. तुमच्यानंतर एक पिढी नाव लावून जगली, आणि मी माझ्या हाताने ते परत तिथे नेऊन ठेवलं. मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायची सोय नव्हती.

शेवटची बातमी झाल्यावर तिने स्वतः स्क्रीनवर आपलं नाव शोधून पाहिलं. काही आलं नाही. तिने श्वास सोडला. "आता कोणालाच सापडणार नाही ना, मावशी?" मी म्हटलं, "नाही गं. आता कुठे सापडतंय?" ती लगेच कॉरिडॉरमध्ये जाऊन वडिलांना फोन लावते. तिकडे मध्यरात्र केव्हाच उलटलेली, पण पहिल्या रिंगला उचलतात. दार उघडंच असतं. "पप्पा, काढलं. आता कुठेच नाही." पलीकडून ते काहीतरी विचारतात. ती म्हणते, "हो, पक्कं. मावशींनी सांगितलं ना. त्या पेपरच्या ॲडव्हायझर आहेत, त्यांना माहीत असतं."

इथे एकदा नेटवर गेलेलं परत येत नाही, नाना. पानांच्या प्रती भलतीकडेच राहतात, लोक फोनवर फोटो काढून ठेवतात, आणि त्या धरण्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की वही घेऊन फिरणारी ती नागपूरची मुलगी कोण. आई म्हणाली होती तेच. आज तो बाप शांत झोपला असेल, माझ्या शब्दावर. तिला उद्या बोलावून खरं सांगावं असं संध्याकाळपासून दहादा वाटलं. पण सांगून ती करणार काय, आणि मी तरी करणार काय? हे पाकीट द्यायला इथे कंडक्टर नाही, आणि असता तरी मी ते दिलं नसतं, कारण वाचून तुम्ही एकच विचारलं असतंत: सापडणार नाही हे तुला कोणी सांगितलं? कोणीच नाही, नाना. सापडेल हे मला 'नाही' म्हणतानाच माहीत होतं.