बालकक्षाची किल्ली आणि अडथळा क्रमांक तीन

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा दोन्ही हात जोडून नमस्कार, आणि ढबूचा दोन हात दोन गुडघे टेकून (ती आता रांगते). पत्रात वडील माणसाला तुम्ही म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे, पण तुला तुम्ही म्हटलं की भलत्याच बाईला लिहितेय असं वाटतं आणि हात अडतो. तेव्हा तूच म्हणते, राग मानू नको. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? डॉक्टरनं दिलेलं मलम लाव, नुसतं कपाटात ठेवून गुण येत नाही. आम्ही बऱ्या आहोत. ढबूला खाली दोन दात आलेत आणि ते चालतात की नाही हे ती माझ्या खांद्यावर तपासून बघते. फोन का केला नाही म्हणशील. आत्या, फोनवर तूच बोलतेस, मी नुसतं हं हं करते, आणि ही गोष्ट हं हं करून सांगण्यासारखी नाही. शिवाय हे ऐकून तू ओरडणार, तेव्हा मी लांब असलेली बरी.

गोष्ट अशी की मी इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झालेय. झाडायला नाही, शिकायला. पाणी पी आणि पुढं वाच. मी मुद्दाम काही केलेलं नाही.

मी वर्कशॉप झाडते ते तुला माहीत आहे. लेथ मशीनखाली लोखंडाचा कीस पडतो, वेटोळी पडतात, ती गोळा करायची, फरशीवरचं तेल पुसायचं. माहीत नाही ते असं की गेले चार महिने ढबू माझ्याबरोबर कामावर येते. आमचे हे ट्रकवर असतात, आठ आठ दिवस तोंड दिसत नाही, मग पोरीला ठेवू कुठं? वर्कशॉपच्या मागं सामानाची खोली आहे, तिथं मशीन आलेलं रिकामं खोकं आहे लाकडाचं. त्यात गोधडी घालून तिला ठेवते. (खोक्यावर लिहिलंय, नाजूक माल, उलटा करू नये, आपटू नये. तेवढी काळजी मी तशीही घेते.) मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पोर कामावर दिसलं तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस. त्यामुळं ती खोकली तरी मी बादली आपटून आवाज झाकते. झाडू मारताना माझा एक कान सतत त्या खोलीकडं असतो. हसू नकोस, तुझाही तसाच असायचा.

आता गंमत बघ. त्या खोलीच्या समोर, बरोबर नऊ पावलांवर (मी मोजलीत) एक नवीकोरी खोली आहे. पिवळे पडदे, चार छोटे पाळणे, झुलणारा लाकडी घोडा. दारावर पाटी, ‘विद्यार्थी मातांसाठी बालकक्ष’. आणि दाराला कुलूप. का, तर शिकणाऱ्या आईचंच मूल आत ठेवायचं असा नियम, आणि अख्ख्या कॉलेजात शिकणारी आई एकही नाही. दर सोमवारी मी किल्ली घेऊन ती खोली झाडायची. ज्या घोड्यावर कुणी बसलेलं नाही त्याची धूळ पुसायची, पुन्हा कुलूप लावायचं, आणि येऊन माझ्या पोरीला खोक्यात बघायचं. नाजूक माल नीट आहे ना.

ही खोली झाली इथं शिकवणाऱ्या एका मॅडमच्या अभ्यासातून. मॅडम चांगली आहे गं, पण फार शिकलेली आहे. सहा वर्षं ती एकच गोष्ट शोधतेय: इंजिनिअरिंगला एकाच छापाची मुलं का येतात, वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं का येत नाहीत. पोरी कमी का, गरीब घरातले मधेच का सोडतात, लेकुरवाळ्या बायका कुठं गेल्या. याला ती विविधता म्हणते. तिच्या भिंतीवर रंगीत गोल आहेत, मोठे, छोटे, आणि कोपऱ्यात एक गोल इतका बारीक की मी तो डाग समजून दोनदा ओल्या फडक्यानं घासला. ते आम्ही होतो, लेकुरवाळ्या. बरं, बाहेरचे का येत नाहीत हे ती विचारते कुणाला, तर आतल्यांना. पाचशे पोरांकडून कागद भरून घेतले. आतल्याला बाहेरचं काय डोंबल कळणार? आणि बाहेरची मी, तिच्याच टेबलाखाली फरशी पुसत. मी आले की ती पाय वर घ्यायची, कागदावरची नजर काही हलायची नाही. सहा वर्षं विविधता शोधतेय आणि विविधता तिच्या चपला सरकवतेय.

मागच्या महिन्यात ढबू रडली. रडली म्हणजे भोंगाच वाजला, सगळी मशीनं चालू असून मॅडमला जिन्यात ऐकू गेलं. ती आली, खोक्यात डोकावली. म्हटलं संपलं, आता मुकादम, मग घर, मग तू म्हणणार, मी सांगितलंच होतं. पण मॅडमचा चेहरा असा उजळला की हरवलेली अंगठी सापडावी. ‘तू आई आहेस?’ म्हणाली. आता खोक्यात पोर असताना याला काय उत्तर देणार? पुढच्या आठवड्यात तिचं काम तपासायला वरून कमिटी येणार होती, आणि बालकक्षाच्या रकान्यात शून्य होतं. एकच दिवस, म्हणाली, तू वर्कशॉपात पोरं घालतात तो निळा कोट घालून विद्यार्थिनी म्हणून उभी राहा, ढबूला पाळण्यात ठेव, मुकादमाला मी सांभाळते. मी भित्री आहे हे तुला माहीत आहे. हो म्हणायची भीती वाटत होती, पण नाही म्हणायची जास्त वाटली.

घोळ केला तो कारकुनानं. किल्ली त्याच्याकडं असते. तो म्हणाला, झाडायला हवी तर सोमवारी या, मुलासाठी किल्ली ओळखपत्राशिवाय मिळणार नाही. मॅडम म्हणाली, मग ओळखपत्र द्या. तो म्हणाला, ते प्रवेशाशिवाय निघत नाही. मग प्रवेश द्या. तर फॉर्म भरा. नाटकापुरता एक कागद कर म्हटलं असतं तर भागलं असतं, पण त्या माणसाला खोटं करताच येत नाही. दोन तास बसून, सहा शिक्के मारून त्यानं मला मशीन दुरुस्तीच्या वर्षभराच्या वर्गात खराखुरा प्रवेश दिला. आठवी पास चालतं म्हणे. हजेरीपटावर माझं नाव शेवटी आहे. ओळखपत्रावरच्या फोटोत मी अशी दिसते की काहीतरी चोरलंय.

कमिटी आली. दोन साहेब, एक बाई. मॅडमनं मला एक वाक्य पाठ करून दिलं होतं, ‘मला येथे सर्वसमावेशक वातावरण लाभले.’ रात्रंदिवस घोकलं होतं. त्यांनी विचारलं, शिकताना अडथळे काय आले? आणि वाक्य पळालं. पार पुसलं गेलं. मग जे होतं ते बाहेर पडलं. म्हटलं, एक, दाराला कुलूप. किल्ली कारकुनाकडं, कारकून बाराला जेवायला जातो आणि पोरीला भूक बारालाच लागते. दोन, या वर्कशॉपात बायकांना संडास नाही, दोन इमारती ओलांडून जावं लागतं, आणि कोटाच्या बाह्या बाप्यांच्या मापाच्या, मशीनमध्ये अडकल्या तर हात जाईल. बाईसाहेब भराभर लिहीत होत्या. पुढं? घरून काही अडचण? आता आत्या, मला माफ कर. तोंडातून निघून गेलं, ‘आत्या.’

तर तू अहवालात आहेस. नाव नाही घातलं, घाबरू नकोस. ‘अडथळा क्रमांक तीन: कौटुंबिक (आत्या)’ एवढंच आहे. छापून आलंय.

मग एका साहेबाला वाटलं की या बाईला खरंच काही येतं का बघावं. कुठलं मशीन काय करतं सांगा, म्हणाले. मला पुस्तकातलं नाव एकाचंही येत नाही. पण दोन वर्षं त्यांचा केर मीच काढतेय ना. म्हटलं, साहेब, त्या कोपऱ्यातल्याचा कीस चांगला लांब वेटोळ्यांचा पडायचा, आठ दिवस निळा पडून तुकड्या-तुकड्यानं येतोय, त्याचं पातं बोथट झालंय. वर्कशॉपचे मास्तर तावातावानं पुढं आले, काहीतरीच म्हणाले, पातं काढून बघितलं, आणि परत जागेवर जाऊन उभे राहिले. बोथटच होतं. तीस पोरं त्या मशीनवर मार्क मिळवून गेली होती. ती वर बघून आकडे वाचतात, खाली काय पडलं ते कुणी बघत नाही.

त्यानंतर अर्धा तास मॅडम आणि एक साहेब भांडत होते की शिकणाऱ्या आया शून्याच्या एक झाल्या म्हणजे किती टक्के वाढ. इतकी शिकलेली माणसं, कुणालाच येईना. मी ढबूला पाजून घेतलं.

कमिटी खूश झाली. इतकी, की तीन महिन्यांनी परीक्षेला पुन्हा येऊन मला बघणार आहे. एका दिवसाचं नाटक असं लांबलं म्हणून आता मॅडमचाच चेहरा उतरलाय. कारकून म्हणतो, प्रवेश रद्द करायचा तर विद्यार्थिनीनं स्वतः लेखी अर्ज द्यावा. तो अर्ज मी तीनदा लिहायला घेतला आणि तीनदा तो कागद ढबूचं नाक पुसण्यात गेला. सकाळी मी झाडते, दुपारी त्याच फरशीवर निळा कोट घालून उभी राहते (बाह्या मी आत दुमडून शिवल्यात). पोरं पहिल्या दिवशी खिदळली. आता त्यांच्या मशीनचा आवाज बदलला की हळूच मला विचारतात. हे सगळं मूर्खपणाचं आहे, मला कळतं. माझ्यासारखीनं का यात पडावं? तू जे म्हणशील ते मीच आधी स्वतःला म्हणून घेतलंय, तेव्हा तू पुन्हा म्हटलं नाहीस तरी चालेल. गुडघ्याला जप.

तुझी भाची
(हजेरीपटावर शेवटची)

ता. क. महिनाअखेर शाळेचा दाखला दिला नाही तर प्रवेश जाणार. प्रवेश गेला की ओळखपत्र जाणार, मग किल्ली जाणार, आणि खोक्याचा पत्ता आता मुकादमालाही कळलाय. दाखला हरवला असं तू सांगतेस. तो तुझ्या पत्र्याच्या पेटीत निळ्या लुगड्याच्या खाली आहे. माझ्या लग्नात चादर काढताना मी बघितला. लुगडं परत तसंच वर ठेवलं.

ता. क. २. पोस्टानं पाठवू नकोस, घेऊनच ये. तुझा पाय मोडला तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून तू मला नववीतून काढलंस. हाड जुळलं, दोन महिने काही अजून संपले नाहीत. ते आता संपले असं धरून ये.

ता. क. ३. बालकक्षात मूल आहे पण बघायला बाई नाही. सध्या कारकून घोडा झुलवतो आणि त्याच्या कागदांची टाचणी ढबू तोंडात घालते. त्यांना अनुभवी बाई हवीय, मी तुझं नाव दिलंय. फॉर्म मीच भरला. अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, आई नसलेली एक मुलगी तान्ही असल्यापासून वाढवली. शाळेतून काढली ते लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.